एवढ्या फडक्यापायी

एक वाक्य माझ्या तोंडून गेलं, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. घरातल्या माणसांपलीकडे ते कुणी ऐकलं नाही. ज्यांच्याविषयी बोलले त्यांच्या कानावर ते कधी जाणारही नाही. तरी ते मनातून जात नाही, म्हणून आज लिहून मोकळी होते.

सप्टेंबर २०२२. शनिवारची संध्याकाळ होती. वडूजच्या आमच्या घरात सोप्यात टीव्ही लागलेला होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, भिंतीला टेकून सुपात घेवडा निवडत होत्या. मुलगा आणि सून पुण्याहून आलेले. सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती, तिचंही लक्ष बातम्यांकडे होतं.

इराणमधल्या बायका दाखवत होते. रस्त्याच्या मधोमध जाळ पेटवलेला आणि एकेक जण पुढे होऊन डोक्यावरचा रुमाल त्यात टाकत होती. एकीनं सगळ्यांदेखत कात्रीनं आपले केस कापले. महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची मुलगी. साकेझ या कुर्दी शहरातून तेहरानला आलेली. डोकं नीट झाकलं नाही म्हणून तिथल्या गस्तीच्या पोलिसांनी तिला १३ सप्टेंबरला धरून नेलं आणि १६ सप्टेंबरला ती गेली. तिच्यासाठी गावोगाव लोक रस्त्यावर आले होते आणि त्यांच्यावर गोळ्या चालत होत्या.

मी म्हणाले, "एवढ्या फडक्यासाठी कुणी जीव देतं का? घ्यायचं डोक्यावरनं. आम्ही नाही घेतला पदर?"

हेच ते वाक्य.

ते सहज गेलं, पण कुठून आलं ते सहज नव्हतं. आज त्याचे पदर उलगडून बघते तेव्हा त्यात माझ्या आयुष्यातल्या तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्हींची मला लाज वाटते.

पहिली गोष्ट घरातली. सून लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, "गावात असेपर्यंत डोक्यावर असू दे बाई, लोक नावं ठेवतात. आत्यांनाही बरं वाटेल." त्यानंतर मी हा विषय कधी काढला नाही. ती पुण्यात बँकेत नोकरी करते. पुण्याहून येताना पुसेगाव आलं, सेवागिरी महाराजांना हात जोडून झाले, की ती गाडीच्या पुढच्या कप्प्यातली पिनांची डबी काढायची आणि ओढणी डोक्यावर पिनेनं लावून घ्यायची. मुलानं हे मला फार उशिरा सांगितलं. मी तिला सक्ती केली नाही, एकदाच सांगितलं, असं मी स्वतःला बजावत आले. पण जे एकदा सांगितल्यावर आठ वर्षं पाळलं जातं, त्याला सांगणं म्हणत नाहीत. तो हुकूम असतो.

दुसरी गोष्ट नोकरीतली. महसूल खात्यात मी पस्तीस वर्षं काढली. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. या काळात किती मोर्चे खिडकीतून पाहिले त्याची गणती नाही. टँकरसाठी, चारा छावणीसाठी, रेशनसाठी, पीकविम्यासाठी. मोर्चा येणार म्हटलं की पोलीस बंदोबस्त, फाटक बंद, कामाचा खोळंबा. पाच जणांचं शिष्टमंडळ आत यायचं, निवेदन द्यायचं, साहेब "योग्य ती कार्यवाही करू" म्हणायचे आणि ते कागद माझ्या टेबलावर यायचे. हळूहळू मोर्चा म्हणजे मला कामातला अडथळा वाटायला लागला. ओरडून काही होत नाही, जे होतं ते नियमानं होतं, हे माझं मत पक्कं झालं. रस्त्यावर आलेल्या माणसाला मी मनातल्या मनात पहिला प्रश्न विचारायचे तो हा, की पुढं काय? पुढचं ठरलेलं नाही तर आलात कशाला?

तिसरी गोष्ट सर्वांत ओंगळ. माझ्या वाक्यात ती उघड नव्हती, पण स्वरात होती. त्या देशांत हे असंच चालायचं, त्या लोकांना लोकशाही मानवतच नाही, एक जुलमी गेला की दुसरा येतो. इराणचा मी एक अक्षर इतिहास वाचलेला नव्हता. तरी माझा निकाल तयार होता.

आता त्या संध्याकाळकडे परत येते.

सून काही बोलली नाही. तिनं फक्त मान खाली घातली. आत्यांचे हात मात्र सुपात थांबले.

"आमची आज्जी बी असंच म्हणली व्हती," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाली होती?"

"एवढ्या फडक्यापायी, म्हणली. वडूजला गोळ्या घातल्या त्या सांजंला."

आत्यांचं माहेर वडगावच्या शिवेला लागून. वडगाव म्हणजे जयराम स्वामींचं वडगाव. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथून परशुराम घार्गे तिरंगा घेऊन वडूजच्या मामलेदार कचेरीवर निघाले, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्यामागे निघाली. त्यात आत्यांचे चुलते होते. आत्या तेव्हा आठेक वर्षांच्या.

त्यांनी गोळीबार पाहिला नव्हता. त्यांना आठवत होतं ते घर. चुलते दिवेलागण होऊन गेल्यावर ओढ्याच्या कडेनं परत आले. अंगावर चिखल. घरात आले नाहीत, गोठ्यात जाऊन बसले आणि दिवा लावू नका म्हणाले. मेलेल्यांची बातमी त्यांच्या आधीच गावात पोचली होती. आजीनं त्यांना बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आमास्नी शिळी भाकरी दिली त्या राती. चूल पेटली न्हाय," आत्या म्हणाल्या. "आज्जी सारखी एकच म्हणायची. एवढ्या फडक्यापायी लोकांची पोरं घालवलीत. चुलता काय बोलला न्हाय. पुढं लय दिस रानातच निजायचा, घरात येत नव्हता."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं. मला काही शिकवायचा त्यांचा विचार नव्हता. टोमणा नव्हता. एक आठवण आली, ती सांगितली आणि निवडलेला घेवडा डब्यात ओतला. टीव्हीवर तोवर जाहिरात लागली होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही.

नऊ हुतात्म्यांचं गाव म्हणून वडूजचा मला अभिमान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ९ सप्टेंबरला स्मारकावर जाते. त्या महिन्यातही पंधरा दिवसांपूर्वीच जाऊन आले होते, फुलं वाहून आले होते. आणि ज्या वाक्यानं १९४२ साली एका घाबरलेल्या आजीनं त्या मोर्चाचा धिक्कार केला, जवळजवळ तेच वाक्य मी उच्चारलं होतं. फडकं. त्या आजीच्या लेखी तिरंगा फडकं होता. माझ्या लेखी ते रुमाल फडकी होती.

त्या आजीला मी दोष देत नाही. तिचा मुलगा गोळ्यांतून वाचून आला होता, उद्या पोलीस येणार होते, ती भ्याली होती. तिच्या वाक्यात भीती होती आणि माया होती. माझ्या वाक्यात काय होतं? माझं कुणी रस्त्यावर गेलेलं नव्हतं. मला कशाचं भय नव्हतं. मी जेवायची वेळ होईपर्यंत बसले होते आणि परक्यांच्या मरणावर मत देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्मारकावर एकटी गेले. कार्यक्रम नसला की तिथे कुणी नसतं. नऊ नावं आहेत. इतक्या वर्षांत मी पहिलं नाव वाचायचे आणि बाकीच्यांना "इतर हुतात्मे" म्हणून एकत्र नमस्कार करायचे. त्या दिवशी एकेक नाव थांबून वाचलं. वाचताना मनात आलं, की यांना १९४७ माहीत नव्हतं.

ही काही मोठा शोध लावल्यासारखी गोष्ट नाही, पण मला ती साठी उलटल्यावर कळली. आपण बेचाळीस सालाकडे बघतो ते पुढचं सगळं ठाऊक असलेल्या डोळ्यांनी. पाच वर्षांनी स्वातंत्र्य येणार आहे हे आपल्याला माहीत, म्हणून त्यांचं मरण आपल्याला सार्थ दिसतं. त्यांना काय दिसत होतं? ८ ऑगस्टला मुंबईत 'करा किंवा मरा' म्हटलं गेलं आणि ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे पुढारी तुरुंगात गेले. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये बंदिस्त. काँग्रेस बेकायदा. ब्रह्मदेश जपाननं घेतलेला, युद्ध कुणीकडे जाईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले शेतकरी कचेऱ्यांवर निघाले. २४ ऑगस्टला कराड. ३ सप्टेंबरला तासगाव, तिथे कचेरीवर तिरंगा चढला. ९ सप्टेंबरला वडूज. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर, तिथेही गोळीबार झाला. हातात शस्त्र नव्हतं. इंग्रज गेल्यावर राज्य कोण करणार, कारभार कसा चालणार, याचा कागद कुणाच्या खिशात नव्हता. मी इराणच्या मुलींना विचारत होते तो "पुढं काय" हा प्रश्न त्यांना विचारला असता, तर एकालाही उत्तर देता आलं नसतं.

आणि मग मी स्वतःला विचारलं, त्या दिवशी तू कुठे असतीस?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुष्कळ वेळ लागला. म्हणजे उत्तर लगेच आलं, पण ते मान्य करायला वेळ लागला. मी मोर्चात नसते. मी कचेरीच्या आत असते. टेबलाशी, दौत-टाक घेऊन, खिडकीतून बघत. त्या दिवशी आत कुणीतरी माझ्या हुद्द्याचा माणूस बसलेलाच असणार. इथलाच, मराठी बोलणारा, पोराबाळांचा, पगारावर घर चालवणारा. बाहेरचा गलका ऐकून तो हेच म्हणाला असेल, की ओरडून काय होतंय. नऊ माणसं पडल्यावर तो संध्याकाळी घरी गेला असेल आणि त्यानं त्याच आजीचं वाक्य त्याच्या घरात म्हटलं असेल. दर ९ सप्टेंबरला मी हुतात्म्यांना हात जोडत होते आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या कारकुनासारखी जगत होते.

तिथेच मला एक घागर आठवली.

२०१३ चा उन्हाळा. मी तेव्हा ज्या तालुक्याच्या गावी होते त्याचं नाव सांगत नाही. माणदेशात दुष्काळ होता. एका वाडीच्या पंचवीस-तीस बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर आल्या. टँकर पाच-पाच दिवस येत नव्हता. त्यांतल्या एका म्हातारीनं निवेदनाच्या दोन प्रती आणल्या होत्या. एक आम्हाला, दुसरीवर तिला पोहोच हवी होती. आवकचा शिक्का माझ्या हाताशी होता. मारायला एक क्षण लागला असता. मी म्हटलं, "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." ती म्हणाली, "उद्याच्याला यायला गाडीभाडं न्हाय, बाय. शिक्का तेवढा मारा." मी खाली मान घालून दुसरा कागद ओढला. तिनं घागर जमिनीवर ठेवली, थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. रिकाम्या घागरीचा फरशीवर झालेला आवाज मला नऊ वर्षं आठवला नव्हता. त्या सकाळी स्मारकासमोर आठवला.

आमच्या कचेरीतले बरेच शब्द फारसीतून आलेले आहेत. कारकून, दरखास्त, फिर्याद, सरकार. फिर्याद या शब्दाचा तिकडचा मूळ अर्थ आर्त हाक असा आहे. हे मला त्यानंतरच्या वाचनात समजलं. आयुष्यभर फिर्यादी नोंदवल्या आणि त्यांतली हाक तेवढी ऐकली नाही.

वाचन करायचं ठरवलं ते याच लाजेतून. ज्या देशाबद्दल निकाल दिला तो देश निदान माहीत करून घ्यावा. १९०६ साली इराणच्या लोकांनी, त्यात व्यापारी होते, मुल्ला होते, शिकलेले तरुण होते, आपल्या शहाकडून राज्यघटना आणि लोकसभा मिळवली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजी स्वराज्य मागत होते. आपण मागत होतो तेव्हा त्यांनी मिळवलेलं होतं. १९५१ मध्ये तिथले पंतप्रधान मोसद्देक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं कट करून त्यांना उलथवलं आणि शहाची एकहाती सत्ता पक्की केली. लोकशाही त्यांना मानवली नाही असं मी म्हणत होते. खरं तर त्यांच्या हातातून ती हिसकावून घेतली गेली होती.

फडक्याची गोष्टही मी समजत होते तशी नव्हती. १९३६ साली तेव्हाच्या शहानं हुकूम काढला, की बायकांनी डोक्यावरचं काढलंच पाहिजे. पोलीस रस्त्यात चादरी ओढून काढायचे, आणि कित्येक बायका लाजेनं घराबाहेर पडेनाशा झाल्या. १९७९ मध्ये क्रांती झाली आणि मार्च महिन्यातच सांगण्यात आलं, की सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनी डोकं झाकून यावं. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यांत माझ्यासारख्या कचेरीत काम करणाऱ्या होत्या. त्यांना शहा नको होता, त्यांनी क्रांतीत भाग घेतला होता आणि महिन्याभरातच आपल्या डोक्यावर काय असावं हे दुसरं कुणीतरी ठरवतंय हे त्यांनी ओळखलं. १९८३ मध्ये सक्तीचा कायदा झाला. म्हणजे एकाच आयुष्यात एखाद्या बाईच्या डोक्यावरचं आधी सरकारनं ओढून काढलं आणि मग सरकारनंच बांधलं. पदर वाईट की चांगला, हा तिथला प्रश्नच नव्हता. तो कुणाचा, हा होता.

आमच्याकडच्या पदरात आणि तिथल्या कायद्यात फरक आहे, हे मला कळतं. सुनेनं पदर घेतला नसता तर तिला कुणी पोलीस चौकीत नेलं नसतं. महसाचा मृत्यू कोठडीतल्या मारहाणीनं झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकानं २०२४ मध्ये म्हटलं. त्या उठावात पाचशेहून अधिक माणसं मारली गेल्याचं मानवी हक्क संघटना सांगतात. तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या तुरुंगात होत्या, पारितोषिक त्यांच्या मुलांनी घेतलं. माझ्या घरातली ओढणी मी याच्या शेजारी ठेवत नाही. पण सांगणाऱ्याचा स्वर तोच होता. लोक नावं ठेवतात, चाललंय ते चालू दे, एवढ्याशासाठी कशाला.

मग "पुढं काय" हा प्रश्न खोटा आहे का? नाही. तो खरा आहे, आणि इराणनंच त्याची किंमत मोजली आहे. १९७९ च्या क्रांतीत डावे होते, उदारमतवादी होते, बाजारपेठेतले व्यापारी होते, धर्मगुरू होते. शहा नको यावर सगळ्यांचं एकमत होतं, नंतर काय हवं यावर नव्हतं. ज्यांची संघटना सर्वांत घट्ट होती त्यांनी सत्ता घेतली आणि बाकीच्यांना मोडलं. शहा १६ जानेवारी १९७९ ला देश सोडून गेला तेव्हा लोकांच्या हाती कारभाराची कुठलीही सवय ठेवून गेला नव्हता. आमच्या शेजारच्या औंधात बरोबर चाळीस वर्षं आधी, जानेवारी १९३९ मध्ये, राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या बहात्तर गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवला होता. असा राजा हजारात एखादा. बाकीच्यांना लोकांकडूनच शिकावं लागतं.

वडूज आणि इस्लामपूरच्या गोळीबारानंतर सातारच्या माणसांनी "पुढं काय"चं उत्तर हातांनी तयार केलं. उघड्यावरचे मोर्चे थांबले आणि नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगाव न्यायनिवाडे झाले, दारूबंदी झाली, बिनखर्चाची लग्नं लागली, गुंडांना आळा बसला. ते १९४६ पर्यंत चाललं. त्याला पत्री सरकार हे नाव पडलं ते तळपायांवरच्या शिक्षेवरून, आणि काही वेळा त्याच्या हातून अन्यायही झाला असेल. उठाव करणारी माणसं देव नसतात. पण उत्तर आधी तयार करून मग ती उठली नाहीत. आधी उठली, मार खाल्ला, मग उत्तर शोधलं. त्या प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी पन्नास वर्षांनी, १९९३ मध्ये, आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी लोकांना घेऊन पुन्हा रस्त्यावर उतरले आणि मरेपर्यंत त्या पाण्यामागे राहिले. आज जिथे टेंभू योजनेचं पाणी पोचलं आहे तिथे मी वर्षानुवर्षं म्हणत आले, "शासनानं आणलं." कागदावर तसंच लिहिलेलं असतं. मोर्चाची नोंद आवक रजिस्टरात एका ओळीपलीकडे जात नाही.

हे मी लिहिते आहे जानेवारी २०२६ मध्ये. डिसेंबरच्या अखेरीला तेहरानच्या दुकानदारांनी दुकानं बंद केली, कारण त्यांचं चलन मातीमोल झालं होतं. तिथून ते लोण देशभर गेलं. ८ जानेवारीपासून इंटरनेट बंद करण्यात आलं आणि त्या अंधारात हजारो माणसं मारली गेली. पुढं काय होईल? ही राजवट टिकेल, मोडेल, की मोडून आणखी कठोर कुणी येईल? गेल्या जूनमध्ये त्या देशावर बारा दिवस बाहेरून बॉम्ब पडले, त्यानं लोकांना मोकळीक मिळाली नाही. १९५३ ची आठवण असलेल्या माणसांना बाहेरच्यांनी दिलेलं स्वातंत्र्य नको असेल, तर ते मला समजतं. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगायचा माझा अधिकारही नाही. ते उत्तर त्यांचं आहे. माझ्या हातात एवढंच आहे, की त्यांच्याकडे खिडकीतून बघायचं नाही.

आत्या २०२४ च्या उन्हाळ्यात गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी मी सुनेला म्हटलं, "डोक्यावर घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी तेव्हा बोलले ते चुकलं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, आजींना हवं असतं." आत्यांनी तिला एकदाही काही म्हटलं नव्हतं. त्यांचं नाव मी घेतलं होतं. माझी लोकांची भीती मी त्या म्हातारीच्या नावावर टाकली, आणि ती भीती सून आठ वर्षं पिनांनी डोक्यावर लावून फिरत होती.

परवाच्या संक्रांतीला ती आली. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या. एकीनं तिच्या मोकळ्या डोक्याकडे बघून मला हळूच विचारलं. पूर्वीची मी असते तर हसून विषय बदलला असता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घ्यायला मीच लावलं होतं. चूक माझी होती." एवढं बोलायला माझे हात गार पडले. चार ओळखीच्या बायकांसमोर माझी ही अवस्था, तर बंदुकीसमोर उभ्या राहणाऱ्या त्या मुलींना मी काय म्हणाले होते, हे मला त्या क्षणी पुन्हा आठवलं.

ते वाक्य मी परत घेते. पोहोच न मिळालेल्या त्या म्हातारीला कुठे शोधू ते मला ठाऊक नाही, तिची क्षमा इथेच मागते. आणि तुम्हाला एक विनंती करते. दूरच्या कुठल्या देशात माणसं रस्त्यावर आलेली दिसतील तेव्हा "एवढ्यासाठी?" हा शब्द तुमच्याही ओठांवर येईल. तो आला की क्षणभर थांबा आणि वडूजच्या कचेरीकडे निघालेल्या त्या माणसांना आठवा. त्यांच्याही हातात फडकंच होतं.